बंद व्हायला तयार नसलेला सर्व्हर

मे संपत आला की लाखनीकडे वळवाचा पाऊस वाऱ्यासकट येतो. धानाच्या बांध्या अजून कोरड्याच असतात, पण आभाळ भरून येतं, नागपूर-रायपूर महामार्गाच्या कडेचे दुकानांचे फलक हलायला लागतात आणि लाइन जाते. याच रस्त्यावर आता पतसंस्था आहेत, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅब आहेत, एक्स-रे काढणारे दवाखाने आहेत, धान खरेदीच्या नोंदी ठेवणारी कार्यालयं आहेत. अशा जागी कोपऱ्यात एक सर्व्हर असतो, त्याच्या शेजारी नॅसचा डबा आणि खाली यूपीएस. यूपीएस ओरडायला लागतो, कुणीतरी सर्व्हरला शटडाउनची आज्ञा देतं आणि सर्व्हर बंदच होत नाही.

काळ्या स्क्रीनवर लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे आणि परत फिरत राहतात. शेजारी इंग्रजीत एक ओळ असते, 'अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर', तिच्यापुढे एका फोल्डरचं नाव आणि मग कंसात दोन आकडे. पहिला आकडा सेकंदागणिक वाढतो, दुसरा दीड मिनिटावर थांबलेला असतो. पहिला दुसऱ्याला गाठतो तेव्हा आता सुटलो असं वाटतं, तर बऱ्याचदा दुसराच आकडा तीन मिनिटांवर उडी मारतो. तोवर यूपीएसची बॅटरी उतरत चाललेली असते. वैतागून माणूस पॉवरचं बटण दाबून धरतो. दुसऱ्या दिवशी डेटाबेस उघडत नाही आणि नागपूरहून कुणाला तरी बोलवावं लागतं.

ते बटण दाबण्याआधी यंत्र नेमकं कशासाठी अडून बसलंय हे कळायला हवं. सर्व्हरला दोष देऊन आपण मोकळे होतो, पण माझ्या पाहण्यात सर्व्हर त्या वेळी त्याला शिकवलेलं काम चोख करत असतो. चूक बहुतेक वेळा त्याच्या आजूबाजूच्या मांडणीत असते आणि ती दुरुस्त करायला एक पैसाही लागत नाही.

नॅस म्हणजे दोन-चार हार्ड डिस्क असलेला, स्वतःचा छोटा प्रोसेसर असलेला आणि नेटवर्क केबलनं जोडलेला साठवणीचा डबा. सर्व्हर या डब्यातला एखादा भाग आपल्या फोल्डरांमध्ये जोडून घेतो. याला माउंट करणं म्हणतात. एकदा माउंट झालं की कुठल्याही प्रोग्रामला ते फोल्डर घरच्याच डिस्कवर असल्यासारखं दिसतं. वाचायचं, लिहायचं, नाव बदलायचं, सगळं तसंच चालतं. ही सोयच पुढे अडचणीची होते. प्रोग्रामला वाटतं फाइल घरात आहे, पण ती केबलच्या पलीकडे असते आणि केबल कधीही तुटू शकते.

केबल तुटली तर काय करायचं, हा प्रश्न सुरुवातीपासूनच होता. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी 1982 साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. या कंपनीनं 1980च्या दशकाच्या मध्यावर नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एनएफएस, तयार केली. लिनक्स सर्व्हर आणि नॅस यांच्यात आजही मुख्यतः तीच वापरली जाते. तिच्या कर्त्यांनी एक साधा नियम ठेवला. फाइल देणारं यंत्र मधेच बंद पडलं तर मागणाऱ्यानं गोंधळून जायचं नाही. उत्तर येईपर्यंत तीच मागणी पुन्हा पुन्हा पाठवत राहायची. देणारं यंत्र परत उभं राहिलं की काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू. मधे कितीही वेळ गेला तरी एकही बाइट हरवायची नाही.

याला हार्ड माउंट म्हणतात आणि लिनक्सवर एनएफएससाठी आपण काही सांगितलं नाही तर हाच प्रकार लागू होतो. टीसीपीवर चालणाऱ्या एनएफएसमध्ये सर्व्हर एका मागणीसाठी साधारण 60 सेकंद वाट पाहतो, मग पुन्हा मागणी करतो. काही वेळानं लॉगमध्ये कर्नेलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, तक्रार उमटते की अमुक नॅस उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहेत. हे प्रयत्न कधीच थांबत नाहीत. नॅस परत आला की त्याच लॉगमध्ये तो ठीक असल्याची एक छोटी ओळ येते आणि सगळं सुरळीत होतं.

दिवसभराच्या कामात हा हट्ट फार मोलाचा आहे. रात्री बॅकअप चालू असताना दोन मिनिटं नॅस रीस्टार्ट झाला तर बॅकअप थोडा रेंगाळतो, पण पूर्ण होतो. मात्र सर्व्हर बंद करताना हाच हट्ट आडवा येतो. बंद होण्यापूर्वी सर्व्हरला प्रत्येक माउंट सोडवायचं असतं आणि सोडवण्याआधी मेमरीत राहिलेलं लिखाण पलीकडे पोचवायचं असतं. लिनक्स लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर नेत नाही. काही सेकंद मेमरीत साठवून मग पाठवतो. एनएफएसवर फाइल बंद करताना तिचं लिखाण नॅसकडे जातं, पण डेटाबेससारखा प्रोग्राम फाइल दिवसभर उघडीच ठेवतो. ते लिखाण पोचवायला नॅस लागतो, आणि नॅस तर गेलेला असतो. मग सर्व्हर वाट पाहत बसतो.

अशा वेळी अडकलेल्या प्रोग्रामची स्थिती 'डी' या अक्षरानं दाखवली जाते. चालू प्रोग्रामांची यादी देणारी पीएस ही आज्ञा चालवली की स्थितीच्या रकान्यात हे अक्षर दिसतं. डी म्हणजे कर्नेलच्या आत अशा ठिकाणी झोपलेला प्रोग्राम, जिथून त्याला सहज उठवता येत नाही. पूर्वी तर किल आज्ञेचा नऊ नंबरचा हुकूमही त्याच्यापर्यंत पोचत नसे. 2008 साली आलेल्या 2.6.25 या कर्नेलपासून एनएफएसची वाट पाहणारा प्रोग्राम या हुकमानं मारता येऊ लागला. तरीही लिखाण बाहेर ढकलण्याच्या कामात अडकलेले काही प्रोग्राम आजही दाद देत नाहीत. सर्व्हर किती भरभक्कम आहे, त्यात किती रॅम आहे, याचा इथे काही संबंध नसतो.

आता मुख्य मुद्दा क्रमाचा. हल्लीच्या बहुतेक लिनक्स सर्व्हरवर चालू-बंदचा कारभार सिस्टिमडी हा प्रोग्राम पाहतो. त्याचा नियम असा की जे ज्या क्रमानं सुरू झालं ते त्याच्या उलट क्रमानं बंद करायचं. नेटवर्क आधी सुरू होतं, मग नॅस माउंट होतो, मग त्यावर अवलंबून असलेला डेटाबेस सुरू होतो. बंद होताना आधी डेटाबेस, मग नॅसचं माउंट आणि सगळ्यात शेवटी नेटवर्क. सिस्टिमडीत नेटवर्क टार्गेट नावाची एक खूण ठेवलेली आहे. नेटवर्क सुरू झाल्याची ती खूण असावी असा अनेकांचा समज असतो. तिचा मुख्य उपयोग मात्र बंद होताना आहे. तिच्यानंतर सुरू होणाऱ्या गोष्टी नेटवर्क उतरण्याआधी बंद केल्या जातात. हा क्रम पाळला गेला तर सर्व्हर काही सेकंदांत शांतपणे बंद होतो. क्रम उलटा झाला, नेटवर्क आधी उतरलं, तर सर्व्हरनं स्वतःच परतीचे दोर कापलेले असतात. पलीकडे नॅस ठणठणीत चालू असला तरी त्याच्यापर्यंत जायला वाट उरत नाही.

क्रम का उलटतो याची कारणं थोडी आहेत आणि तीच तीच पुन्हा भेटतात. सर्व्हर वाय-फायवर चालवला असेल आणि ते कनेक्शन एखाद्या युजरच्या लॉगिनला बांधलेलं असेल, तर तो युजर बाहेर पडताच वाय-फाय जातं आणि माउंट लटकतं. सर्व्हर केबलवरच हवा, यात माझ्या मते तडजोड नको. नॅसपर्यंत जायला व्हीपीएन लागत असेल तर तेच; व्हीपीएनचा बोगदा आधी बंद होतो, फोल्डर मागे राहतं. तिसरं कारण आयस्कझीचं. त्यात नॅस आख्खी डिस्कच नेटवर्कवरून देतो, त्यामुळे सर्व्हरला ती घरची डिस्क वाटते. एनएफएस किंवा विंडोज पद्धतीचं शेअर असेल तर ते नेटवर्कवरचं आहे हे सिस्टिमडी प्रकार पाहूनच ओळखतो. आयस्कझीच्या डिस्कवरची एक्स्ट फोर फाइल सिस्टिम पाहून त्याला ते कळायला मार्ग नसतो. म्हणून माउंटची नोंद असलेल्या एफस्टॅब फाइलमध्ये त्या ओळीवर नेटडेव्ह हा पर्याय, आधी अंडरस्कोर देऊन, लिहावाच लागतो. हा एक शब्द राहून गेल्यामुळे अडकणारे सर्व्हर बरेच असतात.

अलीकडे आणखी एक मांडणी वाढली आहे. एकाच दणकट मशीनवर प्रॉक्समॉक्ससारखी प्रणाली बसवायची, तिच्यात एक व्हर्च्युअल मशीन नॅस म्हणून चालवायचं आणि मूळ मशीननं त्याच नॅसवरचं फोल्डर परत स्वतःकडे माउंट करायचं. खर्च वाचतो खरा. पण बंद होताना मूळ मशीन आधी आपली व्हर्च्युअल मशीन थांबवतं, त्यात नॅसही थांबतो आणि मग ते थांबलेल्या नॅसकडून फोल्डर सोडवून घ्यायला जातं. ही गाठ मुळातच चुकीची बांधलेली आहे. शक्य असेल तर अशी मांडणी करूच नये.

लाखनीसारख्या गावात मात्र या सगळ्यांच्या आधी एक साधी गोष्ट पाहावी: सर्व्हर आणि नॅस यांच्या मधला नेटवर्क स्विच कुठल्या प्लगमध्ये आहे? आठ पोर्टचा, तळहातात मावेल एवढा तो डबा असतो; त्याचा अडॅप्टर यूपीएसच्या सॉकेटमध्ये बसत नाही, शेजारच्या पिनवर चढतो, म्हणून कुणीतरी तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावून टाकतं. लाइन असते तोवर काही कळत नाही. लाइन गेली की सर्व्हर यूपीएसवर जिवंत, नॅस यूपीएसवर जिवंत आणि दोघांमधला स्विच मेलेला. लॉगमध्ये नॅस उत्तर देत नाही असं येतं, म्हणून सगळे नॅसवर संशय घेतात, त्याच्या डिस्क तपासतात, कंपनीला फोन करतात. वीस-तीस वॅटही न खाणारा हा डबा यूपीएसवर घेणं हा या विषयातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

सर्व्हर वारंवार अडकत असेल तर खरं कारण शोधायला एक प्रयोग पुरतो. कामाची वेळ संपल्यावर, लाइन असताना, घाई नसताना तो करावा. आधी फाइंडमाउंट या आज्ञेनं नेटवर्कवरची कोणती फोल्डरं जोडलेली आहेत ते पाहावं. डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारी डीएफ इथे वापरू नये. ती प्रत्येक माउंटला विचारत जाते आणि एक जरी माउंट मेलेलं असेल तर स्वतःच अडकते. मग शटडाउन न करता, फक्त नॅसचं माउंट हातानं सोडवून पाहावं.

ते क्षणात सुटलं आणि त्यानंतर दिलेलं शटडाउनही झटपट झालं, तर नॅस आणि नेटवर्क दोन्ही ठीक आहेत, फक्त बंद होण्याचा क्रम चुकतो आहे. मग वर सांगितलेली कारणं तपासायची. 'टार्गेट इज बिझी' असं उत्तर आलं, तर कुठला तरी प्रोग्राम त्या फोल्डरमध्ये बसलेला आहे. फ्यूजर ही आज्ञा त्याचं नाव सांगते. तो बहुधा बॅकअपची स्क्रिप्ट असते, एखादा डॉकर कंटेनर असतो किंवा त्या फोल्डरमध्ये उघडी ठेवलेली टर्मिनलची खिडकीसुद्धा असते. त्या प्रोग्रामच्या सेवेला आपण या माउंटवर अवलंबून आहोत हे सिस्टिमडीच्या फाइलमध्ये सांगितलं की पुढच्या वेळी तो आधी बंद होतो. त्यासाठी रिक्वायर्स माउंट्स फॉर या नावाची ओळ असते, तिच्यापुढे फोल्डरचा पत्ता लिहायचा. आणि तिसरी शक्यता: आज्ञा दिली आणि काहीच उत्तर नाही, कर्सर नुसता लुकलुकतोय. म्हणजे नॅसपर्यंत पोचताच येत नाही. मग स्विच, केबल, आयपी पत्ता पाहायचा. राउटरनं नॅसला दर वेळी वेगळा पत्ता दिला तर जुनं माउंट जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतं. नॅसचा पत्ता कायमचा ठरवलेला हवा.

आधीच्या वेळी काय झालं हे पाहायचं असेल तर जर्नलसीटीएलला मागच्या बूटचा लॉग मागता येतो. पण काही प्रणालींवर हा लॉग फक्त मेमरीत असतो आणि मशीन बंद झालं की पुसला जातो. व्हार फोल्डरातल्या लॉगच्या आत जर्नल नावाचं फोल्डर तयार करून ठेवलं की तो डिस्कवर राहायला लागतो. हे पहिल्याच दिवशी करून ठेवावं. पुरावा नसताना शोध घेणं फार त्रासाचं.

आणि ऐन वेळी अडकलाच तर? तेव्हाही बटणाकडे हात नेण्याआधी नॅस आणि स्विच यांच्याकडे पाहावं. हार्ड माउंटचा हट्ट इथे आपल्या बाजूनं असतो. स्विचला वीज दिली किंवा नॅस परत चालू केला आणि सर्व्हरचं स्वतःचं नेटवर्क अजून उतरलेलं नसलं, तर अडकलेलं शटडाउन आपोआप पुढे सरकतं, राहिलेलं लिखाणही पोचतं. लॉगिन करता येत असेल तर यूमाउंट आज्ञेला जबरदस्तीचा पर्याय देता येतो, नाहीतर आळशी पर्याय. दुसऱ्यात फोल्डर लगेच नजरेआड होतं आणि मागची साफसफाई नंतर होत राहते. दोन्हींत न पोचलेलं लिखाण हरवू शकतं, हे समजून मगच ते वापरावेत.

या विषयावर विचारलं की एक सल्ला हमखास मिळतो: हार्डऐवजी सॉफ्ट माउंट करा. ठराविक प्रयत्नांनंतर सॉफ्ट माउंट हार मानतं आणि प्रोग्रामला चूक कळवतं. शटडाउन लगेच सुटतं, म्हणून सल्ला देणाऱ्याचं कौतुकही होतं. पण तीच हार ते भर दुपारी, नेटवर्क थोडा वेळ मंदावलं तरी मानतं. चूक कळवल्यावर प्रोग्रामनं ती तपासली नाही तर अर्धी लिहिलेली फाइल पूर्ण समजून पुढे काम चालू राहतं. खातेदारांच्या नोंदी किंवा रुग्णांचे एक्स-रे असलेल्या जागी सॉफ्ट माउंट वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. नुसतं वाचायचं असेल, म्हणजे व्हिडिओंचा संग्रह किंवा सॉफ्टवेअरच्या फाइल, तर हरकत नाही. त्याहून चांगला मार्ग ऑटोमाउंटचा आहे. त्यात फोल्डरला कुणी हात लावला तरच नॅस जोडला जातो आणि काही वेळ वापर झाला नाही की आपोआप सुटतो. रात्री शटडाउनची वेळ येते तेव्हा सोडवायला बहुधा काही उरलेलंच नसतं.

राहिला यूपीएस. आपल्या भागात सगळ्यात जास्त सर्व्हर इथेच अडकतात. यूपीएसची यूएसबी केबल बहुधा नॅसला जोडलेली असते, कारण नॅसच्या मेनूत त्याची सोय तयार मिळते. लाइन जाते, बॅटरी उतरते, नॅसला निरोप मिळतो आणि तो शहाण्यासारखा स्वतःला बंद करतो. सर्व्हरला कुणी काही सांगितलेलंच नसतं. तो बंद व्हायला लागतो तेव्हा नॅस गेलेला असतो. यासाठी नेटवर्क यूपीएस टूल्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे आणि अनेक नॅसमध्ये ते आतूनच बसवलेलं असतं. ज्याला केबल जोडली तो मुख्य आणि नेटवर्कवरून निरोप घेणारे दुय्यम. दुय्यम यंत्रं आधी बंद होतात, मुख्य शेवटी, असा त्याचा नियम आहे आणि तो आपल्याला हवा तसाच आहे. पण त्यात एक खाच आहे. मुख्य यंत्र दुय्यम यंत्रांसाठी ठराविक वेळच थांबतं, डीफॉल्टनं 15 सेकंद. दुय्यम सर्व्हरनं निरोप घेऊन संपर्क तोडला की मुख्य यंत्राला तो गेला असं वाटतं; सर्व्हर मात्र अजून डेटाबेस बंद करत असतो. म्हणून निरोपावर सगळं सोडू नये. लाइन गेल्यावर दोन मिनिटांनी सर्व्हरनं स्वतःहून बंद व्हायला लागावं आणि नॅसनं बॅटरी कमी झाल्याच्या इशाऱ्यापर्यंत थांबावं, अशी वेळ लावून ठेवावी. छोट्या यूपीएसवर एकूण हातात दहा-पंधरा मिनिटंच असतात, आणि बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली असेल तर त्याहूनही कमी.

लाइन परत आल्यावरचा क्रम याच्या उलट. आधी स्विच, मग नॅस पूर्ण उभा राहू द्यायचा, त्याला दोन-चार मिनिटं लागतात, आणि मग सर्व्हर. सर्व्हर आधी उठला तर तो नसलेल्या नॅसची वाट पाहत सुरू होतानाच अडकतो. एफस्टॅबच्या ओळीत नोफेल हा पर्याय असेल तर निदान तो लॉगिनपर्यंत येतो. मात्र मग डेटाबेस रिकाम्या फोल्डरवर सुरू होणार नाही याची काळजी घ्यावी लागते. मघाची अवलंबित्वाची ओळ इथेही कामी येते.

हे सगळं करायला नागपूरहून माणूस यायची वाट पाहायची गरज नाही. कॉलेजात संगणक शिकणारी मुलं एका दुपारी ते करू शकतात आणि त्यांना शिकायलाही यातून पुष्कळ मिळेल. तुमच्या कार्यालयात असा सर्व्हर असेल तर मृग लागण्याआधी एका शनिवारी संध्याकाळी, बॅकअप घेऊन, यूपीएसचा भिंतीतला प्लग मुद्दाम काढा आणि घड्याळ लावून पाहत राहा. आधी सर्व्हर, मग नॅस बंद झाला पाहिजे आणि तोवर स्विचचे दिवे लागलेले असले पाहिजेत. तसं होत नसेल तर दुरुस्ती त्याच आठवड्यात करून घ्या.